आयुष्याची दोरी: पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एक बाजू

ख्रिस्ती झालेल्या घरात मृत्यू घडला म्हणजे गावात एक बोलणे हटकून निघते. घरचे देव सोडले, कुळाचार मोडला, नवस बुडविला, म्हणून पोर हाती लागले नाही, असे शेजारी म्हणतात. आणि ज्या आईची कूस नुकतीच रिती झाली आहे तिच्या कानांवर ते शब्द पडतात. साक्री, पिंपळनेर ह्या बाजूच्या खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस हे बोलणे पुष्कळदा ऐकावे लागते. उलटपक्षी मंडळीतही कोणी असा निघतो, जो म्हणतो की, घरच्यांचा विश्वास पुरा असता तर आजारी माणूस अंथरुणावरून उठले असते. पहिले बोलणे बाहेरचे व दुसरे आतले, एवढाच काय तो फरक. दोहोंतही मरण म्हणजे माणसाच्या बऱ्यावाईट करणीची मजुरी, असा हिशेब धरलेला असतो.

ह्या हिशेबास उत्तर द्यावयाचे तर वादविवादापेक्षा एखादे चरित्र अधिक उपयोगी पडते, असे आम्हांस वाटते. म्हणून आज आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र घेतले आहे. त्यांचे नाव आमच्या वाचकांस नवे नाही, व केडगावचे मुक्ती मिशन कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेही असेल. (अहमदनगर, म्हणजे हल्लीचे अहिल्यानगर, त्याच्या शेजारचे केडगाव ते हे नव्हे, हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे.) रमाबाईंची कथा बहुतकरून त्यांच्या विद्वत्तेकरिता किंवा विधवांच्या कैवाराकरिता सांगतात. आम्ही ती मरणाच्या बाजूने सांगणार आहो, कारण ह्या बाईंच्या आयुष्यात मृत्यू जितक्या वेळा दारी आला तितका फार थोड्यांच्या दारी येत असेल.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये अशी त्या काळची रीत असता त्यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस ती भाषा शिकविली. लोकांनी त्याबद्दल त्यांस दोष दिला, तरी त्यांनी आपला क्रम सोडला नाही. पुढे त्या माउलीनेच पहाटे पाखरे जागी होण्यापूर्वी धाकट्या रमेस उठवून, मांडीवर घेऊन, पाठ दिले. पाहुण्यांचे व विद्यार्थ्यांचे आतिथ्य करता करता अनंतशास्त्र्यांस कर्ज झाले व रानातले घर सोडावे लागले. रमाबाई त्या वेळी सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांस डोंगराखाली आणण्यात आले, आणि तेथून त्या कुटुंबाची जन्माची तीर्थयात्रा सुरू झाली. देवळाच्या आवारात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, लोक जे देतील त्यावर गुजराण करावी, उरेल ते दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम होता.

ह्यानंतर मद्रासकडील मुलखात दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास कोणी येईना व अन्न मिळेना. जवळचे दागिने, भांडी, चांगली वस्त्रे विकली गेली. दैव फिरावे म्हणून शेवटल्या पैशापर्यंत पूजाअर्चा व ब्राह्मणभोजने झाली, उपास झाले, जप झाले, पवित्र तळ्यांत व नद्यांत स्नाने झाली. अखेरीस तिरुपतीजवळच्या रानात त्या सर्वांनी झाडपाला व पाणी ह्यांवर दिवस काढले. वृद्ध अनंतशास्त्र्यांची दृष्टी गेली होती. भीक मागणे त्यांच्या मानी स्वभावास सोसेना, तेव्हा पवित्र तळ्यात देह ठेवावा असा त्यांनी निश्चय केला व मुलांचा निरोपही घेतला. त्या क्षणी मुलगा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू व सर्वांस पोसू, असे त्याने सांगितले, आणि तो विचार रहित झाला. तथापि त्यांचे शरीर पार खचले होते. थोड्याच दिवसांत, इ. स. १८७४ साली, त्यांनी प्राण सोडला.

पाठोपाठ आई गेली. त्या परक्या गावात प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. स्मशान सुमारे तीन मैल दूर. शेवटी दोन ब्राह्मणांस दया आली. ते दोघे व ही दोन भावंडे अशा चौघांनी आईस नेले. रमाबाई ठेंगण्या असल्यामुळे त्यांच्या खांद्यास ताटीची उंची येईना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. सोळा वर्षांची पोर आईचे प्रेत डोक्यावर घेऊन तीन मैल चालली, हे आमच्या वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. त्यानंतर थोरली बहीणही गेली.

उरलेली दोन भावंडे पायी हिंडत राहिली. सर्व मिळून सुमारे ४,००० मैल चालून इ. स. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. आता बरे दिवस येतील असे वाटत होते, तोच इ. स. १८८० साली डाक्क्यास श्रीनिवास आजारी पडला. आपल्यामागे ह्या अविवाहित बहिणीचे कोण, ही एकच काळजी त्यास लागून राहिली होती. देवावाचून आपणास दुसरे कोणी नाही व तोच सांभाळील, असे बहिणीने त्यास सांगितले तेव्हा त्याचे मन शांत झाले, अशी आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. ध्यानात धरण्यासारखे आहे की, हे बोलताना त्यांस ख्रिस्ताची ओळख अजून झालेली नव्हती.

त्याच वर्षी त्यांनी बंगालमधील बिपिनबिहारी दास मेधावी ह्या वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते शूद्र जातीचे म्हणून दोघांसही समाजाचा रोष पत्करावा लागला. सिलचर येथे पतीच्या पुस्तकांत रमाबाईंस बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची लहानशी प्रत सापडली, व एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा अर्थ समजून घेऊ लागल्या. पतीस ते फारसे रुचले नाही. इ. स. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, बिपिनबाबूंस पटकी झाली व त्यांतच त्यांचा अंत झाला.

आता हिशेब पाहू. आठ वर्षांत वडील, आई, बहीण, भाऊ व पती अशी पाच माणसे गेली, आणि तेविसाव्या वर्षी ही बाई कडेवर तान्हे मूल घेऊन उभी राहिली. ह्यांतील एकही मृत्यू ख्रिस्ती झाल्यानंतरचा नव्हे. अनंतशास्त्र्यांच्या घराने देव सोडले नव्हते. उलट असेल नसेल ते देवास वाहिले होते. मग देव सोडल्यामुळे माणूस मरतो हे म्हणणे कोठे राहिले? परंतु आमच्या उपदेशकांस आमची एवढीच विनंती आहे की, हे उदाहरण घेऊन त्यांनी उलटा हिशेब मांडू नये. हिंदू होते म्हणून त्या घरावर कोप झाला, असे जर आपण म्हणू लागलो, तर शेजाऱ्यांची चूक आपणच आपल्या तोंडाने केली असे होईल. ईयोबाच्या मित्रांनी नेमके हेच केले, आणि परमेश्वराने त्यांस दोष दिला. दुष्काळात भुकेने व पटकीत पटकीने माणसे मेली. ती लक्षावधी होती व सर्व धर्मांची होती.

ह्यापुढील काही वर्षे आम्ही भराभर उलटतो. इ. स. १८८२ साली रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. इ. स. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, व ता. २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी व लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. तेथून अमेरिका, तेथे विधवांच्या शाळेकरिता साह्य मिळाले. ता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे होऊ लागल्यावर मोठे वादळ उठले, आणि पुष्कळांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या सर्व हकिकतीस येथे जागा नाही.

ह्या सुमारास त्यांनी तीन पुस्तके वाचली: ब्रिस्टल येथील अनाथांचे पालक जॉर्ज म्युलर ह्यांची हकीकत, चीन देशातील इनलँड मिशनचा वृत्तान्त, व दक्षिण समुद्रातील बेटांवर काम करणाऱ्या जॉन पेटन ह्यांचे चरित्र. ह्या माणसांनी केवळ देवाच्या भरवशावर कामे चालविली. तसे आपल्या हिंदुस्थानात होईल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. उत्तर फार लवकर मागितले गेले.

इ. स. १८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातमी कळताच रमाबाईंस आपले तिरुपतीचे रान आठवले. भुकेल्या मुलींचे पुढे काय होते, त्यांस फसवून नेणारे लोक दुष्काळी छावण्यांभोवती कसे टपून असतात, हे त्या जाणून होत्या. हाताशी पैसा नव्हता, तरी त्या निघाल्या, आणि सुमारे ३०० मुली व बायका आणावयाच्या असे त्यांनी मनाशी ठरविले. त्यांतल्या कित्येकींच्या अंगावर हाडांवाचून काही उरले नव्हते; अंगभर फोड व खरूज, डोक्यात उवा, आणि मनात भीती. अन्न समोर ठेवले तरी ते पचविण्याचे बळ कोठ्यात नव्हते.

इतक्यात पुण्यात प्लेग सुरू झाला. शहरात आणखी मुली आणू नयेत असा अधिकाऱ्यांचा हुकूम निघाला. येथे आम्ही थोडे थांबतो, कारण विश्वास म्हणजे काय, ह्याविषयी आमच्या मंडळ्यांत जो घोटाळा आहे तो ह्या प्रसंगाने पुष्कळ दूर व्हावा. जीवनमरण देवाच्या हाती आहे, म्हणून मुलींनी जेथे आहेत तेथेच राहावे व प्रार्थना करावी, असे रमाबाईंनी म्हटले नाही. पुण्यापासून सुमारे ३४ मैलांवर केडगाव येथे त्यांनी आधीच सुमारे १०० एकर जमीन घेऊन ठेवली होती. तेथे त्यांनी मुलींस हलविले. इमारती नव्हत्या, तंबू व झोपड्या उभारून, उघड्या माळावर, त्यांनी शेकडो जीवांचा संसार मांडला. विहिरी खणविल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा करविली, मुलींस स्वच्छता शिकविली. प्रार्थना तर रात्रंदिवस चालू होती. एका हाताने कुदळ व दुसऱ्या हाताने देवाचे पाय, असे तेथले काम होते.

आणि जेथे बोलणे भाग होते तेथे त्या बोलल्या. प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे जे हाल होत होते ते त्यांनी इ. स. १८९७ साली बॉम्बे गार्डियन पत्रातून जाहीर केले. त्यांचीच एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात नेली गेली व पुढे नाहीशी झाली होती. सरकारी अधिकाऱ्यांनी आरोप नाकारले, आणि गोष्ट विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेली. रमाबाई मागे सरल्या नाहीत. एका अनाथ मुलीकरिता सरकारशी भांडणारी ही बाई, देवावर सर्व भार टाकून स्वस्थ बसणाऱ्यांतली खचित नव्हती. मुलगा साप चावून पडला असता त्यास दवाखान्यात न नेता नुसते भोवती बसून गाणी गाणारे विश्वासणारे आम्ही ऐकले आहेत. त्यांनी केडगावचा हा माळ आठवावा. भगतास बोलाविण्याचे सोडले हे चांगले केले, पण डॉक्टरास बोलाविण्याचे कोणी सोडावयास सांगितले?

तरीही पुष्कळ मुली मेल्या. हे आम्ही लपवीत नाही, आणि रमाबाईंनीही लपविले नाही. मैलोगणती दुरून आणलेली, हाताने भरविलेली, जिच्याकरिता रात्री जागून प्रार्थना केली अशी मुलगी सकाळी निपचित आढळे. जी शेजारच्या चटईवर होती, तितकीच वाळलेली, ती मात्र उठून बसे व पुढे शाळेत जाऊ लागे. एक का राहिली व दुसरी का गेली, ह्याचे उत्तर केडगावास कोणास देता आले नाही. देता येत नाही हे मान्य करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज शिजविणे हा तेथला विश्वास होता. रमाबाईंच्या आयुष्यातील हा भाग आम्हांस त्यांच्या सर्व ग्रंथांहून मोठा वाटतो. मेलेल्या मुलींपैकी एकीवरही, तिचा विश्वास कमी पडला, असा डाग कोणी लावला नाही. लावणार तरी काय, कित्येकींस अजून येशूचे नावही नीट ऐकावयास मिळाले नव्हते.

इ. स. १८९८ साली ह्या जागेस मुक्ती हे नाव देऊन ती देवास समर्पिली गेली. वर्ष उलटते न उलटते तोच त्याहून मोठा दुष्काळ आला. संवत १९५६ चा म्हणून जुनी माणसे त्यास छपन्नाचा दुष्काळ म्हणत. आमच्या खानदेशानेही तो भोगला. डोंगरातील भिल्ल बांधवांचे त्या वर्षी फार हाल झाले, आणि शेजारच्या गुजराथेत तर गावेच्या गावे ओस पडली. रमाबाईंची माणसे गुजराथेत शिरली व पुन्हा मुली येऊ लागल्या. इ. स. १९०० अखेर मुक्तीतील वस्ती जवळजवळ १,९०० वर गेली. आंधळ्या मुलींकरिता बार्तीमी सदन व फसविल्या गेलेल्या स्त्रियांकरिता कृपा सदन उभे राहिले. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा, सर्व काही मुली व बायाच चालवीत. ज्या एकेकाळी मरणाच्या दाढेत होत्या त्याच आता नव्या आलेल्या दुबळ्या पोरींस भरवू लागल्या.

इ. स. १९०५ च्या सुमारास मुक्तीत मोठी आत्मिक जागृती झाली, ती प्रसिद्धच आहे. आम्हांस येथे सांगावयाचे काम वेगळे. त्याच सुमारास रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर खेड्यातल्या बायांस जड जाते, असे त्यांस वाटे. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात त्यांनी इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषांचा अभ्यास केला. कान जवळजवळ गेले होते. सबंध संस्थेचा भार शिरावर असता त्या एकेक वचन साध्या भाषेत उतरवीत बसत. ज्यांनी लहानपणी हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत केले त्यांनी म्हातारपणी निरक्षर शेतकरणीच्या तोंडची भाषा शोधावी, ही गोष्ट आमच्या काही विद्वान उपदेशकांनी मनावर घेण्यासारखी आहे.

मनोरमाबाई आईचा उजवा हात झाल्या होत्या. अमेरिकेत व पुढे इकडे शिकून त्यांनी पदवी मिळविली, शाळेचा कारभार पाहिला, गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली. मुक्तीचे काम आईमागे त्याच चालविणार, असे सर्वांनी धरले होते. पण त्यांची प्रकृती खालावत गेली, आणि ता. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मिरज येथे त्यांचा अंत झाला. चांगल्यांतली चांगली वैद्यकीय मदत त्या काळी मिरजेस मिळत असे. ती घेतली होती. प्रार्थना करणारी माणसे तर मुक्तीत शेकड्यांनी होती.

वाचकहो, ज्या आईने हजारो परक्या मुली मरणाच्या तोंडातून काढल्या, तिची एकुलती एक मुलगी वाचली नाही. ताटी डोक्यावर घेतलेली सोळा वर्षांची रमा व ही त्रेसष्ट वर्षांची बहिरी वृद्धा, ह्यांच्यामध्ये सत्तेचाळीस वर्षे गेली होती, आणि मरण तेच होते. पहिल्या पाच मरणांच्या वेळी त्यांचा ख्रिस्तावर विश्वास नव्हता. ह्या सहाव्याच्या वेळी तो अडतीस वर्षांचा होता. विश्वासाने मरण टळले नाही. मग बदलले काय, असे कोणी विचारील. आईच्या चितेनंतर रमाबाई व त्यांचा भाऊ वाट फुटेल तिकडे हिंडत राहिली होती. मनोरमेनंतर मात्र कोठे जावयाचे हा प्रश्नच उरला नाही: मुली होत्या, घंटा होती, भाषांतराची पाने टेबलावर पडली होती. मुक्तीचा भार वाहण्यास सहकारी बायांची योजना करून रमाबाई पुन्हा त्या पानांशी जाऊन बसल्या.

काम थोडे उरले होते व शक्ती त्याहून थोडी. शेवटल्या काही पानांची तपासणी राहिली असता दुखणे वाढले, तेव्हा एवढे काम पुरे होईपर्यंत दहा दिवस द्यावेत, अशी त्यांनी देवापाशी मागणी केली, असे मुक्तीत सांगत आले आहेत. वर्षे मागितली नाहीत, मुलगी परत मागितली नाही. कामापुरते दहा दिवस मागितले. तपासणी संपली. ता. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी प्राण ठेवला, आणि केडगावच्या त्याच मातीत त्यांस पुरण्यात आले.

संपूर्ण पवित्र शास्त्र इ. स. १९२४ साली बाहेर पडले. त्याचे छापकाम मुक्तीच्याच छापखान्यात तेथल्या मुलीबाळींच्या हातून झाले. बांधलेला ग्रंथ रमाबाईंच्या दृष्टीस पडला नाही.